ओट्यावरचं ऊन

माझ्या हातून आजवर कधी दूध उतू गेलेलं नाही. आच मंद ठेवायची आणि सांडशी घेऊन शेजारी उभं राहायचं, हा माझा स्वभावच. याच स्वभावाने मी रत्नागिरीत बसून नागपुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला. तिथल्या मावसबहिणीला प्रत्येक नळ सोडून बघायला लावला, भिंतींची ओल चाचपायला लावली. मी स्वतः मात्र त्या घरात अजून पाऊल ठेवलेलं नाही.

आज सकाळी भाडेकरू मुलीचा, रश्मीचा, व्हिडिओ कॉल आला. नवं लग्न, नवा संसार. "काकू, पाहा न, ओट्यावर किती छान ऊन येऊन राहिलं!"

माझ्या ओट्यावरचं ऊन मी पहिल्यांदाच बघत होते! तेवढ्यात मागे शेगडीवरचं पातेलं दिसलं. दूध वर चढत होतं. मी इथून ओरडले, "अगं, गॅस बंद कर!"

ती हसली. "काकू, उतूच घालायचं आहे न. नवं घर आहे."

नळ, ओल, करारनामा, सगळं तपासलं आणि नेमकं हेच विसरले. सही करून फ्लॅट माझा झाला होता, पण त्याचं घर होत होतं आत्ता, तिच्या हातून.

पाहते तर माझ्या हातात सांडशी! कधी उचलली कोण जाणे. ती खाली ठेवली आणि म्हटलं, "फोन जवळ धर गं. येऊ दे वर, अजून येऊ दे!"