तीन मिनिटांत बसवलेली गोष्ट

आमच्या संस्थेत त्यांना सगळे सावकाशराव म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे; पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. जिना चढणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि देणगी मागणं तर इतकं सावकाश की समोरचा माणूस दोनदा घड्याळ बघायचा. उपचारासाठी लांबून आणलेल्या आजारी मुलांच्या आईबापांना इस्पितळाजवळ राहायला खोल्या देणं, हे आमचं काम. त्यासाठी निधी उभा करणाऱ्या विभागाचे ते प्रमुख आणि मी त्यांची मदतनीस. विभागात माणसं एवढीच, त्यामुळे प्रमुखपदाचा तोरा मिरवायचा तरी कुणापुढे?

मागायला गेले की ते गाद्यांचंच पुराण लावायचे. खोल्या किती, पांघरुणं किती, गळके नळ किती. समोरचा जांभई आवरत "कळवतो" म्हणायचा आणि हे त्याचेच आभार मानून बाहेर पडायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यांची सात वर्षांची मुलगी त्याच इस्पितळात दगावली, हे मला कामाला लागून चार वर्षं झाल्यावर कळलं, तेही आमच्या स्वयंपाकीणबाईंकडून. त्यांनी स्वतः कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग विश्वस्तांनी फर्मान काढलं. निधी विभागाच्या प्रमुखांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. ते घ्या, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. सोबत मलाही धाडलं.

तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, भिंतींवर चिकटवलेले मोठे कागद, आणि छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावून बसलेले आम्ही वीसेक जण. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या, मनानेही चांगल्या होत्या. त्यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. त्या म्हणाल्या, "गाद्यांसाठी कुणी खिशात हात घालत नाही, माणसासाठी घालतं. एक माणूस, एक प्रसंग, तीन मिनिटं. सगळ्यात जड वाक्य शेवटी. ते बोलून झालं की गप्प बसायचं." मग प्रत्येकाला आपापली गोष्ट सांगायला लावली.

सावकाशराव उभे राहिले आणि पहिल्यांदाच मुलीबद्दल बोलले. अकरा मिनिटं लागली. मध्येच तिच्या चपलेचा तुटलेला पट्टा आला, शेजारच्या खाटेवरची खोडकर मुलगी आली, हरवलेली छत्री आली, आणि ती कुठे सापडली तेही आलं. आम्ही सगळे रडलो. बाईंनीही डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हीच तुमची गोष्ट. आता तीन मिनिटांत बसवा."

बसवली मी. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, हातात घड्याळ धरून. चप्पल काढली, छत्री काढली, शेजारची मुलगी काढली. त्या दिवसांत वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, रात्री मुलीजवळ असायच्या आणि हे इस्पितळाबाहेर फुटपाथवर झोपायचे, आणि मुलीने एकदा आईला विचारलं होतं, "बाबा रात्री कुठे झोपतात?" मी म्हटलं, "हे शेवटी घ्या. तिने तुम्हालाच विचारलं असं करा. तिचं शेवटचं बोलणं म्हणून."

"पण ते शेवटचं नव्हतं गं."

"मग शेवटचं काय होतं?"

"ते नको. ते राहू दे माझ्याकडे."

"मग हेच घ्या. कुणाला कळणार आहे?"

पुढची सहा वर्षं त्यांनी ती गोष्ट कुठे कुठे सांगितली याला गणती नाही. कचेऱ्यांत, शाळांत, मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांत, कधीकधी एका दिवसात तीनदा. अडखळणं गेलं. श्वास कुठे घ्यायचा, चष्मा कुठे काढायचा, सगळं पक्कं झालं. लोक भरभरून देऊ लागले. मी त्यांना झटपटराव म्हणून चिडवायचे आणि ते हसायचे. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

नव्या मजल्याच्या उद्घाटनाला वहिनी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. इस्पितळाच्या त्या रस्त्याला त्या कधी वळायच्याच नाहीत. त्या मागच्या रांगेत बसल्या. सावकाशराव बोलले, चष्मा काढला, शेवटचं वाक्य म्हणाले आणि थांबले.

कार्यक्रमानंतर मी चहा घेऊन गेले, तर दोघं एका नव्या खोलीत, वरचं प्लास्टिकही न काढलेल्या गादीवर बसले होते. मी दारातच थबकले.

"ते तिने मला विचारलं होतं," वहिनी म्हणत होत्या. आवाजात राग नव्हता. "आणि चांगलं महिनाभर आधी. मीच तुम्हाला सांगितलं ते."

"हो. गोष्ट बसवताना जरा मागेपुढे झालं."

"असू दे. लोकांची सोय झाली, चांगलंच झालं. पण अहो, शेवटी ती काय म्हणाली? मी औषधं आणायला खाली गेले होते, तुम्ही एकटेच होतात तिच्याजवळ. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, जमेल तेव्हा सांगाल."

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. "तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही रात्री..." ते थांबले. "छे, हे नाही." पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच येऊन अडकले. तिसऱ्यांदा तर त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला, आणि तो तसाच धरून ते बसून राहिले.

"हेच येतंय," ते म्हणाले. "काहीतरी अगदी साधं होतं. मी रोज मनात म्हणायचो ते. केव्हा बंद झालं, कळलंच नाही."

मग त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तुला सांगितलं होतं का गं मी?"

चहा माझ्या हातावर सांडला. मी "नाही" म्हटलं. आणि वहिनी रडू लागल्या, मुलगी आत्ताच गेल्यासारख्या.