देवीपुढे ठेवलेला पाना

"सर, पिनांभोवती पिवळं दिसतंय," सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

पिवळं म्हटलं की आमच्या धंद्यात पू. मी चहा तसाच ठेवून ड्रेसिंग रूममध्ये गेलो. चौदा वर्षांची मनीषा टेबलावर पाय लांब करून बसली होती. डाव्या पायाला गुडघ्याखाली स्टीलच्या रिंगा, आणि रिंगांमधून हाडात आरपार गेलेल्या तारा. पिवळं होतं खरं, पण तो पू नव्हता. हळद होती. हळदीवर कुंकू होतं. आणि सगळ्यात वरच्या रिंगला झेंडूची माळ बांधलेली होती.

"हे काय आहे?"

"परवा दसरा झाला ना, डॉक्टरसाहेब," तिची आई ताराबाई म्हणाली. "ट्रॅक्टरची पूजा केली, फवारणीच्या पंपाची केली. मग म्हटलं, हिच्या पायाला बी लोखंडच हाय की."

मी माळ सोडली आणि सिस्टरांच्या हातात दिली. त्या ती घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. अशा वस्तूसाठी आमच्याकडे ट्रे नव्हता.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. गंगापूर रोडला माझं हाडांचं हॉस्पिटल होतं. मनीषाचे वडील पोपटराव निफाडकडचे द्राक्षबागायतदार. लहानपणी मुलीच्या हाडात पू झाला, वाढ खुंटली आणि डावा पाय दोन इंच तोकडा राहिला. त्या पायासाठी चांभाराकडून जाड तळाची चप्पल करून घ्यायची. पहिल्या भेटीत तिला विचारलं, तुला नेमकं काय हवंय? आईबाप काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दुकानात टांगलेली चप्पल. जोडी. जशी असती तशी घालायची." पेशंटकडून इतकं स्पष्ट उत्तर मला क्वचितच मिळालं आहे.

पाय लांब करायचा म्हणजे आम्ही हाड ताणतो, असं लोकांना वाटतं. हाड ताणलं जात नाही. ते आधी कापावं लागतं. मग वरचा तुकडा वरच्या रिंगला आणि खालचा खालच्या रिंगला तारांनी बांधायचा. रिंगांच्या मधल्या दांड्यांवर नट असतात, आणि ते फिरवायला आम्ही घरच्यांना एक पाना देतो. नट फिरवले की रिंगा लांब जातात, त्यांच्याबरोबर हाडाचे तुकडे लांब जातात, आणि मधल्या फटीत शरीर स्वतःहून नवीन हाड भरतं. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव फेरा देऊन. घाई केली तर फटीत हाड धरत नाही. रेंगाळलं तर कोवळं हाड पक्कं होऊन बसतं आणि पुढे सरकू देत नाही. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळं घरच्यांच्या हातात असतं, आणि तिथेच माझं ब्लड प्रेशर वाढतं.

"नट फिरंना झालाय," पोपटराव म्हणाले. "काल फिरवाया गेलो तर पोरगी गुरासारखी वरडली."

मी माझा पाना लावून बघितला. मनीषाने माझं मनगट धरलं. तारा धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. म्हणजे रिंग सरकायला बघत होती, हाड जागा सोडत नव्हतं. एक्स-रे काढला. जिथे काळी फट दिसायला हवी होती तिथे पांढरंशुभ्र हाड. इकडून तिकडे सलग. दुसऱ्या एखाद्या पेशंटचं असतं तर मी पेढे मागितले असते. हिचा पाय अजून पाऊण इंचसुद्धा वाढला नव्हता.

"पोपटराव, रोज फिरवत होतात ना?"

पोपटरावांनी ताराबाईकडे बघितलं. ताराबाईने सिस्टरांच्या हातातल्या माळेकडे बघितलं.

"घट बसायच्या आदल्या दिवसापत्तुर रोज फिरवला," पोपटराव म्हणाले.

"आणि मग?"

"मग हिनं पाना देवीपुढं ठिवला. घटापाशी."

"पोरीला लवकर गुण यावा म्हणून," ताराबाई घाईने म्हणाली.

"ठेवला, हरकत नाही. उचलायचा, फिरवायचा, परत ठेवायचा!"

"अवं, असं कसं? घटापाशी ठिवलेलं घट उठल्याबिगर हलवत नाय."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या घरात ट्रॅक्टर आहे. दहा नंबरचा दुसरा पाना नव्हता?"

"व्हता की," पोपटराव शांतपणे म्हणाले. "पन तुम्हीच बजावलं, ह्या नटाला दुसरा पाना लावायचा नाय."

बजावलं होतं. झिजलेल्या पान्याने नटाचे कोपरे उडतात म्हणून. पाळायची ती सूचना त्यांनी अगदी तंतोतंत पाळली होती. वर नवरात्रात प्रवास नको म्हणून मधली तपासणीही बुडवली होती. मी मनीषाकडे वळलो.

"आणि तू? तुझी तरी जीभ होती ना?"

"ते नऊ दिवस दुखलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, देवीनंच दुखणं काढून घेतलं."

यावर मला ओरडता आलं नाही. फार वाईट वाटलं. नट फिरला नाही म्हणून दुखलं नाही, हे तिला समजावून सांगणं सगळ्यात जड गेलं.

आता मार्ग दोन होते. आहे तेवढ्यावर समाधान मानून रिंगा काढायच्या, किंवा हाड पुन्हा कापायचं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. मी दोन्ही सांगितले.

"परत छाटणी?" पोपटराव म्हणाले. "आम्ही बी चुकलेली छाटणी लगेच परत करत नाय. वेल मरतो."

"पाय मरणार नाही. पण पुन्हा भूल, पुन्हा दुखणं, पुन्हा तेच फेरे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"काढून टाका रिंगा," ताराबाई रडायला लागली. "माझ्यापायी झालं. पोरीला आनखी नगा कापू."

पोपटरावांनी मान डोलावली. निर्णय झाला असं समजून मी पेन काढलं.

"कुणाचा पाय आहे?" मनीषा म्हणाली.

मी पेनाचं टोपण परत लावलं.

"एका पायाला सव्वा इंच जाड तळ असलेली जोडी दुकानात मिळती का?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग कापा."

पुढच्या आठवड्यात कापलं. डिस्चार्जच्या दिवशी पाना द्यायला गेलो तर ताराबाईने पदर पुढे केला. मनीषाने मधूनच पाना घेतला, नाडीत ओवला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. घरी गेल्यावर फेरे तीच द्यायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने पाना मागितला, तेव्हा ती पाटासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "कर पूजा. पण गळ्यातच राहू दे." हे मला पोपटरावांनी सांगितलं, तेही हसत. एकही तपासणी या वेळी बुडली नाही. आधी काळी फट, मग तिच्यात धुरकट रेघा, मग हळूहळू सगळं पांढरं. लांबवायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट हाड पक्कं व्हायला लागतो. तेवढा वेळ रिंगा पायात ठेवून ती शाळेत गेली. रिंगा काढल्या तेव्हा द्राक्षं उतरून गेली होती.

महिन्या-दोन महिन्यांनी ती आली. मी तिला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. मग परत दारापर्यंत. मग, खरं सांगायचं तर, गरज नसताना आणखी एकदा. पायात निळ्या पट्ट्यांची चप्पल होती. दोन्ही तळ सारखे. सिस्टरांनी डोळे पुसले. मी एक्स-रे बघत असल्याचं दाखवलं. तो उलटा धरला होता, असं सिस्टर नंतर म्हणाल्या.

"पाना आणलात का?" मी ताराबाईला विचारलं. "हॉस्पिटलचा आहे तो."

"तो आता देवघरात हाय. हलवता येत नाय."

"राहू दे," मी म्हटलं. "आता नऊ दिवस ठेवा, नाहीतर नव्वद वर्षं ठेवा."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक पेशंटला दोन पाने दिले. एक पायासाठी, एक देवासाठी.