फांदीवरच्या पिशव्या

अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये आमच्या घरमालक डॉक्टरांइतका रागीट माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर तो नुकताच त्यांच्याकडून बोलणी खाऊन निघालेला एखादा कुत्रेवाला असेल. आयुष्यभर त्यांनी इथल्या हॉस्पिटलात सर्जरी केली, तेव्हा म्हणे आवाज कधी चढला नाही. तो सगळा शिल्लक आवाज रिटायर झाल्यापासून कॅनॉलकाठच्या वाटेवर खर्च होतो. त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे, बंडू. त्याची घाण तर ते उचलतातच, पण दुसऱ्यांच्या कुत्र्यांचीही उचलतात आणि उचलता उचलता त्या मालकांच्या सात पिढ्यांची मराठीतून विचारपूस करतात. इंग्रजीत मात्र शिष्टाचार सुटत नाही. "एक्सक्यूज मी, तुमची वस्तू मागे राहिली," म्हणून वाट अडवून उभे राहतात. एकदा एक सुटाबुटातला तरुण म्हणाला, "खतच आहे ना ते?" डॉक्टर म्हणाले, "मग बेडरूममधल्या कुंडीत घाल." एका बाईच्या बाबागाडीची चाकं त्यातून गेली, तेव्हा यांनी दुखरे गुडघे टेकून ती पुसून दिली, पुसताना तोंड असं सुटलं होतं की तिला वाटलं शिव्या आपल्यालाच आहेत. बिचारी सॉरी सॉरी म्हणत रडकुंडीला आली.

मी सातवीत शाळा सोडलेला, मिरजेत चहाच्या गाडीवर वाढलेला. इथे हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलो तेव्हा खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. डॉक्टरांनी दिली, वर व्हिसाचे फॉर्म शेजारी बसवून भरून दिले. त्यांच्या मनातून उतरलो असतो तर या देशात मला माझं म्हणावं असं कोणी उरत नव्हतं. म्हणून त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बंडूला फिरवायचं काम मी आनंदाने घेतलं. दोन महिने फिरवलं.

मग डॉक्टर पुन्हा बाहेर पडले आणि घरी आले ते तणतणतच. "न उचलणारा आळशी तरी म्हणता येतो रे! हा उचलतो, पिशवीला गाठ मारतो आणि फांदीला टांगून जातो! लोणचं घालतोय का? दहा पावलांवर बिन आहे, त्याचसाठी ठेवलेली लाल पेटी! आणि बहुतेक सगळ्या एकाच माणसाच्या. एक पीळ, एक फास, वर कान. गाठ काय सुबक मारतो बदमाश!"

ती गाठ चहाच्या पार्सलची होती. माझी होती.

सांगायचं होतं, पण तो आवाज ऐकून धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन दिसल्या तेवढ्या पिशव्या काढल्या. तोवर पालवी फुटली होती, काही आत झाकून गेल्या. डॉक्टर मात्र सगळा उन्हाळा त्या गाठवाल्याला शोधत होते, आणि मी त्यांच्याबरोबर मान डोलवत होतो.

पुढे कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस मशीन घेऊन वाटेकडेचं झुडपांचं कुंपण छाटायला आला. आम्ही बंडूला घेऊन तिथूनच चाललो होतो. पातं एका पिशवीवर बसलं, ती फुटली आणि सगळं त्याच्या तोंडावर. डॉक्टर लंगडत धावले, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतलं. तो थुंकत म्हणाला, "दर आठवड्याला होतं हे." झुडपात फाटकं प्लॅस्टिक लटकत होतं, वर कान तसाच.

"डॉक्टरसाहेब, ती गाठ माझी आहे."

"काय?"

"इथे कचरा बाहेर ठेवला की गाडी येऊन नेते. झाडांवर आधीच पिशव्या होत्या, मला वाटलं यांचीही गाडी येत असेल. नेणाऱ्याला वाकायला लागू नये म्हणून वर बांधायचो."

"आणि ती लाल पेटी?"

"टपालाची वाटली."

"अरे, कुत्र्याचं चित्र आहे तिच्यावर!"

"मला वाटलं, कुत्रेवाल्यांच्या तक्रारींसाठी असेल."

मी ओरडा खायला मान खाली घातली. तो आलाच नाही.

"पण कळल्यावर का नाही बोललास?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

डॉक्टर कठड्यावर टेकले. बंडूचा पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाले, "म्हणजे निम्मं त्याच्या तोंडावर मीच उडवलं." आणि मला हाताला धरून त्या माणसासमोर उभं केलं. माझ्या वतीने बोलले नाहीत. सॉरी मलाच म्हणायला लावलं, ती पिशवी तिथे कशी आली हेही मलाच सांगायला लावलं. तो माणूस हसला नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणून त्याने पुन्हा तोंड पुसलं.

तेव्हापासून डॉक्टर आधी विचारतात, "बिन कुठे आहे, माहीत आहे ना तुम्हाला?" बहुतेकांना माहीत असतं. मग ते दुप्पट जोरात सुरू होतात.

हल्ली मात्र त्यांना तेवढं चालवत नाही. बंडूला घेऊन मीच जातो. परत आलो की वरच्या खिडकीतून हाक येते, "कोणी भेटला का रे?"

"एक भेटला. नवीन होता, पेटी दाखवली."

"ओरडला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणतात, आणि जरा हिरमुसल्यासारखे पडदा ओढून घेतात.