नाल्यापलीकडचा भाजीबाजार

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा गल्लीतली चार वजनदार माणसं घरी आली आणि माझ्या यजमानांशी बोलली. यजमान हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. "सर, वहिनींना उभं करू या," असं त्यांचं म्हणणं. "मग त्यांनाच विचारा," असं हे म्हणाल्यावर चौघं एकमेकांकडे बघत बसले. बाईला विचारायचं कसं, याचा त्यांना सराव नव्हता. शेवटी मीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि उभी राहते म्हणून सांगून टाकलं.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गाव धुळे आणि जळगावच्या मधलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण तसं गाव एकच होतं असा कुणाचा समज व्हायला नको. मी निवडून आले. पहिल्या सभेला आम्ही सहा बाया गेलो, तर पाचजणींचे नवरे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर येऊन बसलेले. हात वर करायची वेळ आली की त्या भिंतीकडे बघायच्या. माझे यजमान शाळेत होते, त्यामुळे मला बघायला भिंत नव्हती. एवढ्यावरून मी फार हुशार आहे असा माझा मीच समज करून घेतला.

नगराध्यक्षांनी मला बाजार सुधार समितीची सभापती केलं. "भाजीपाला म्हणजे तुमचंच खातं, ताई," असं म्हणून ते हसले आणि सगळी सभा हसली. मीही हसले, हे कबूल करते.

समितीपुढे एकच काम होतं. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत जो आमचा मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना खेड्यांवरून आलेल्या बाया गोणपाट अंथरून भाजी विकायच्या. मागच्या पक्क्या दुकानांना त्यांची अडचण व्हायची. दुकानदारांनी सह्यांचं निवेदन दिलं होतं आणि त्यात पहिली सही कापडदुकानाच्या शेठजींची होती. मग नगरपालिकेने योजना काढली. नाल्यापलीकडे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे, सिमेंटचे ओटे बांधायचे, वर पत्रे टाकायचे, नळ द्यायचा आणि सगळ्या भाजीवाल्यांना तिकडे हलवायचं. मुख्य रस्ता मोकळा झाला की व्यापार वाढेल, असं अहवालात लिहिलं होतं.

नाल्यापलीकडेच का, असं मी विचारलं. मुख्याधिकाऱ्यांनी नकाशा पसरला. त्यावर ओट्यांच्या शेजारी हिरव्या शाईने चौकोन काढलेले होते. गरिबांसाठी घरं होणार होती तिथे. "वसाहत झाली की गिऱ्हाईक आपोआप येईल," ते म्हणाले. वसाहतीत लोक राहायला कशावरून येतील, असं विचारलं तर म्हणाले, "बाजार जवळ असेल ना." प्रत्यक्षात तिथे घरांची जोती तेवढी बांधून झाली होती आणि त्यांवर बाभळी उगवल्या होत्या. माणसांशिवाय बाजार आणि बाजाराच्या भरवशावर माणसं, असा तो हिशोब. तो मला त्या दिवशी पटला. स्वच्छ ओटा, डोक्यावर छप्पर, नळाचं पाणी, याहून बायांना काय हवं असणार, असं वाटलं. मी सही केली. एकाही भाजीवालीला विचारलं नाही. मला उभं करायला आलेल्या त्या चौघांपेक्षा मी वेगळी वागले नाही.

उद्घाटनाला मंडप पडला. नगराध्यक्षांनी फीत कापली, मग एका पाटीतलं भरताचं मोठं वांगं उचलून फोटोग्राफरकडे बघत उभे राहिले. फोटो झाल्यावर वांगं परत पाटीत ठेवलं आणि जीपमध्ये बसले. ज्या अक्काच्या पाटीतलं ते वांगं होतं, तिने ते पदराने पुसलं आणि दुसऱ्या वांग्यांच्या खाली सारलं. साठीच्या घरातली, काळीसावळी, काटक बाई. तिला मी वर्षानुवर्षं ओळखत होते, तिच्याचकडून मेथी घ्यायचे.

आठ-दहा दिवसांनी ही अक्का माझ्या दारात आली. मी आत बोलावलं, पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ताई, त्या कागदवर तुमनी सही शे ना?"

हो म्हणाले.

"मंग एक दिन मनासंगे तठे बठा. बाकी मी काही मांगत नही."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी चार नियम सांगून तिला वाटेला लावलं असतं. आता जाणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. फाल्गुन संपत आला होता आणि नऊ वाजताच पत्रे तापले. नळ होता, चकचकीत होता, पण त्याला मागून पाइप जोडलेला नव्हता. अक्काने घरून डब्यात पाणी आणलं होतं. ती चूळभर पाणी हातावर घेऊन मेथीवर शिंपडायची, मग पालकावर, मग डबा हलवून किती उरलं ते बघायची. आजूबाजूच्या ओट्यांवर पंधरा-वीस बाया होत्या. दोघी-तिघी आडव्या झाल्या होत्या.

गिऱ्हाईक आलं नाही. एक गवंडी आला, त्याने दोन कांदे आणि मिरची मागितली, भाकरीबरोबर खायला. एक सायकलवाला थांबला, तो जिनिंगचा वॉचमन कुठे गेला ते विचारत होता. नंतर दोन शेळ्या आल्या. त्यांना मात्र मेथी हवी होती.

अक्काने मला तिचा धंदा समजावून सांगितला. कुणी बाई भाजी घ्यायची म्हणून घरातून निघत नाही, ती म्हणाली. ती देवळात जाते, दवाखान्यात जाते, एसटीतून उतरते, आणि वाटेत हिरवं दिसलं की तिला संध्याकाळच्या स्वयंपाकाची आठवण होते. "आठे तिले कशानी याद ई?" तिने विचारलं. इथे तिला कशाने आठवण व्हावी? समोर नुसत्या बाभळी होत्या. नगरपालिकेत इंजिनीअर होते, मुख्याधिकारी होते, बाहेरून मागवलेला सल्लागार होता. एवढी साधी गोष्ट त्यांच्यातल्या एकालाही कळू नये, आणि ती कळावी म्हणून मला तापल्या पत्र्याखाली बसावं लागावं, याची मला चीड आली. दुपारी एकला अक्काने मान टाकलेल्या मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मुख्याधिकाऱ्यांनी प्रगतीचा अहवाल वाचला. मुख्य रस्ता मोकळा झाला. भाजीविक्रेत्यांचं स्थलांतर पूर्ण झालं. घरकुलाचं काम प्रगतिपथावर आहे. मी उभी राहिले आणि विचारलं, "विक्रेत्यांचं स्थलांतर झालं, ते ठीक. गिऱ्हाइकांचं कधी करणार?"

नगराध्यक्षांनी चष्मा पुसला. "ताई, सुधारणा म्हटली की सुरुवातीला थोडी गैरसोय होतेच."

"कुणाची?"

"जनतेची," ते म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला.

आठवड्याने इतिवृत्त हातात पडलं. त्यात लिहिलं होतं, 'बाजार सुधार समितीच्या सभापतींनी कामाबद्दल समाधान व्यक्त केले.' मी तडक लेखनिकाच्या टेबलापाशी गेले. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "ताई, सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवावं लागतं. नंतर मशीन मोकळं नसतं."

त्यानंतर मी फार विचार केला नाही. अक्काला निरोप पाठवला आणि पुढच्या सोमवारी सकाळी मुख्य रस्त्यावर, कापडदुकानासमोरच्या तिच्या जुन्या जागी, तिच्या शेजारी गोणपाटावर जाऊन बसले. आमचं बघून आणखी बाया आल्या. अकराच्या सुमारास अतिक्रमणवाल्यांचा ट्रॅक्टर आला; रस्त्यावर कुणी परत येऊन बसलं की नगरपालिकेची ही माणसं पाट्या उचलून न्यायची. मुकादम खाली उतरला, मला बघून थबकला.

"ताई, तुम्ही उठा ना."

"का?"

"पाट्या उचलायच्या आहेत. तुम्ही असताना कसं उचलणार?"

"रोज कसं उचलता?"

त्याने मागे वळून ट्रॅक्टरकडे बघितलं. आजूबाजूला माणसं जमली होती. शेवटी वर विचारून येतो असं सांगून गेला आणि ट्रॅक्टर रस्त्यातच सोडून गेला. मोकळ्या केलेल्या रस्त्यावर त्या दिवशी वाहतूक अडली ती नगरपालिकेच्या ट्रॅक्टरने.

एवढ्यात कापडदुकानाचे शेठजी बाहेर आले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पाठवली. मी खुर्ची घेतली नाही. मग ते स्वतः आले, खाली वाकून हळूच म्हणाले, "बसू द्या बायांना, ताई. हे लोक गेल्यापासून दुकानात चिटपाखरू नाही. भाजीला येणारी बाईच जाताजाता ब्लाऊजपीस बघायची."

"निवेदनावर पहिली सही तुमचीच होती, शेठजी."

"तेव्हा कुठे ठाऊक होतं," ते म्हणाले. मला त्यांचं हसू आलं नाही, कारण योजनेवरची सही माझी होती.

मुकादम परत आला नाही. बाया तिथेच बसल्या, दुसऱ्या दिवशीही आणि पुढेही. नगरपालिकेने ठराव मात्र कधी मागे घेतला नाही. कागदावर बाजार नाल्यापलीकडेच भरत होता, आणि त्या सुधारित बाजाराबद्दल नगराध्यक्षांचा जिल्ह्याच्या ठिकाणी शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. निमंत्रणपत्रिका मला आली होती. मी गेले नाही. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड सर्वसाधारण झाला, त्या चौघांनी आपल्यातला एक उभा केला, आणि माझी सभापतीची पाटी एका शिपायाने घरी आणून दिली.

ओट्यांवर काही वर्षं डांबराची पिंपं पडून होती. मग नवीन मंडळींनी ते ओटे पाडून तिथे सांस्कृतिक भवनाचा पाया खणला. आणि दशक संपता संपता, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, नकाशातली ती घरं खरोखर बांधून झाली. लोक राहायला आले. त्यांनी नगरपालिकेला पहिला अर्ज केला तो, वसाहतीजवळ भाजीबाजार असावा म्हणून. अर्ज विचाराधीन आहे, असं त्यांना लेखी कळवण्यात आलं. तेव्हापासून वसाहतीतल्या बाया पिशव्या घेऊन नाला ओलांडतात आणि मुख्य रस्त्यावर येऊन अक्काच्या सुनेकडून मेथी घेतात.