देव्हाऱ्यातला पुठ्ठा

"गाढव आत येईना तर राहू द्या. गाढवाची पोरगी आलीय की!"

असं म्हणून गुरुजींनी पुठ्ठा माझ्या गळ्यात अडकवला. चौथीत होते मी. तेरजवळचं आमचं गाव, झेडपीची शाळा. पुठ्ठ्यावर लाल शाईनं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, डाँकी. सुतळी मानेला टोचत होती. तपासणीला आलेले साहेब खुर्चीत बसून हसले. साहेब हसले म्हणून गुरुजी हसले, गुरुजी हसले म्हणून पोरं. आन मीबी हसले. त्याची लाज अजून जात न्हाई.

आदल्या दिवशी गुरुजीच म्हणाले होते, "तुमच्यात गाढवं हायेत ना? एक घेऊन ये उद्या. साहेबांपुढं खऱ्या जनावरावर पाठ घ्यायचाय." वीटभट्टीवर गाढवांवरनं विटा वाहायचं आमचं काम. गाढवं पाळतो म्हणून गावात कुणी आमच्या घरी चहा पीत न्हाई. आन शाळेनं गाढवाला बोलावणं धाडलं! आईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं आमच्या शेवंती गाढवीला घासून आंघोळ घातली, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात निळे मणी बांधले. शेवंती फाटकापर्यंत शहाण्यासारखी आली. पोरांचा गलका ऐकला आन तिथंच पाय रोवून उभी राहिली. ढकललं, ओढलं. ढिम्म हलली न्हाई.

मग तिच्या जागी मी.

"म्हण, डाँकी," साहेब म्हणाले.

"डंकी."

"डंकी न्हाई. डाँ, डाँकी."

वर्ग खदखदला. पाच वेळा म्हणून घेतलं माझ्याकडनं. पाचही वेळा चुकलं. पुढं पाठ कशावर झाला ते मला आठवत न्हाई.

घरी येताना पुठ्ठा गळ्यातच होता. काढून फेकावा हे सुचलंच न्हाई. दारात आई उभी. तिनं बघितलं आन तोंडावर हातच ठेवला.

"बक्षीस मिळालं व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय."

आईला एक अक्षर वाचता येत न्हाई. लाल अक्षरं, सायबापुढं गळ्यात घातलेलं. बक्षीसच की ते. तिनं पुठ्ठा देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. हळद-कुंकू वाहिलं. वस्तीभर सांगत सुटली. पुढं वस्तीतली दोन-चार पोरं वाचायला शिकली, ती पुठ्ठ्याकडं बघायची, मग माझ्याकडं, आन गप बसायची. मीबी गप. रोज सकाळी आई त्याच्यापुढं हात जोडायची आन मी दप्तर उचलून बाहेर पडायचे.

धाराशिवला कॉलेजात गेले. इंग्रजीच घेतलं, हट्टानं. लायब्ररीत जाड शब्दकोश होता. पहिल्याच आठवड्यात तो शब्द काढला. अर्थ, लांब कानांचं ओझं वाहणारं जनावर. दुसरा अर्थ, मूर्ख माणूस. कुणी जोडले हे दोन अर्थ? ज्याची ओझी दुसरा वाहतो, त्यानंच ना! मूळ, निश्चित माहीत न्हाई. करड्या रंगावरनं आला असेल म्हणतात, कुणा माणसाच्या नावावरनं असेल म्हणतात. शब्द तसा अलीकडचा. आन उच्चार? पूर्वी मंकीला जुळेल असा, डंकी. म्हणजे खुद्द इंग्रजच कधीकाळी माझ्यासारखं म्हणायचे. त्यांना कुणी पाच वेळा उभं केलं नसेल. लायब्ररीत ओढणी तोंडात कोंबून रडले मी.

आता मी इथंच बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. परवा गुरुजींचा फोन आला. उद्या त्यांचा निरोप समारंभ. "तू माझी हुशार विद्यार्थिनी. स्टेजवर तो गाढवाचा किस्सा सांग. लोक लई हसतील. तुझा सत्कारबी करू."

काल रविवारी गावी गेले तर आईच्या कानावर समारंभाची बातमी आधीच आलेली. नवं लुगडं काढून ठेवलेलं. "गुरुजीच्या पाया पडायचं हाय मला. पयलं बक्षीस त्यांनीच दिलं तुला."

मी तिचा हात धरला. म्हणाले, "आई, बस जरा. ते बक्षीस नव्हतं." आन काय लिहिलंय ते सांगितलं.

तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "रोज हात जोडले म्या त्याला." मग, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मास्तर परका. त्यानं एक डाव तुझं हसं केलं. तू पोटची, तू इतकी वर्सं माझं हसं होऊ दिलंस."

खरंच होतं. तिनं पुठ्ठा देव्हाऱ्यातनं काढला, कुंकू पदरानं पुसलं, माझ्या हातात दिला. "वाच आता. मोठ्यानं."

वाचलं मी.

उद्या अकराला समारंभ हाय. गुरुजींच्या हातची शाल मी घेणार न्हाई. त्यांना किस्सा पाहिजे, सांगते. गुरुजी काय म्हणाले, साहेब काय म्हणाले, आन घरी येऊन मी काय खोटं बोलले, तेबी. आई पुढच्या रांगेत बसणार हाय. तिला कळणार न्हाई असा एकबी शब्द माझ्या तोंडून निघणार न्हाई.