मामीला दिवस गेलेत

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी पांढऱ्या उंदरांचा विभाग सांभाळते. तिथे मादीला कुणी मादी म्हणत नाही. नर तो उंदीरमामा, म्हणून ती मामी. "मामीचं वजन घेतलं का?" "अगं बाई, मामी चावली!" नवा माणूस पहिल्या दिवशी गोंधळतो, दुसऱ्या दिवशी तोही तसंच म्हणतो.

त्या वर्षी काम प्रोजेस्टेरॉनचं होतं. गर्भ टिकवून धरणारं हे हॉर्मोन. गाभण मामींची अंडाशयं काढायची आणि ते बाहेरून टोचायचं. किती दिलं म्हणजे गर्भ टिकतो, ते पाहायचं. ज्यांना टोचत नसू त्यांचे गर्भ टिकत नसत. बाकीच्या मामी कागदाच्या कपट्यांचं घरटं करून निवांत बसत.

माझ्या हाताखालच्या मुलीने एके दिवशी हातमोजे काढून ठेवले.

"मॅडम, मला हे टोचायचं काम नको."

"का गं, चावली का?"

"नाही. डॉक्टरांनी मलाच हे सुरू केलंय."

आधीच्या खेपेला तिच्या सासूबाईंनी दुसऱ्याच महिन्यात ठाण्याला, त्यांच्या अर्ध्या कोपरीत पेढे वाटले होते. मूल राहिलं नाही, तेव्हा पेढे खाल्लेल्या त्याच बायका हळहळायला आल्या. या खेपेला तीन महिने होईपर्यंत नवऱ्याशिवाय घरात कुणाला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. इंजेक्शनही ती घरी जाताना दवाखान्यात घ्यायची.

मी लगेच दोन गोष्टी केल्या. तिला नोंदींच्या टेबलावर बसवलं, आणि फोनवर तिची चौकशी मामीच्या नावाने करायची असं ठरवून टाकलं.

रविवारी तिच्या घरी फोन लावला. यादीत अजून दळण, गॅसवाला, कपाट अशी बरीच कामं होती, म्हणून पलीकडून आवाज यायची वाट न बघता सुरू झाले. "अगं, मामीला दिवस गेलेत, इंजेक्शन चुकवू नकोस. आणि पाण्याची बादली उचलायची नाही!"

"कोण मामी?" फोनवर सासूबाई होत्या.

"आमची उंदरीण हो, काकू. लॅबमधली."

"उंदरीण बादली उचलते?"

"नाही ना उचलत. म्हणूनच तर..."

"अहो बाई, मी कोकणातली. म्हशी पाळल्यात आम्ही. जनावर गाभण राहतं. दिवस माणसाला जातात."

मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "टिकेल ना हो?"

"मामींचं टिकतंय," मी म्हटलं. "बाकीचं डॉक्टरच सांगू शकतील."

सोमवारी मुलगी नाचणीच्या लाडवांचा डबा घेऊन आली. "तुमच्या उंदरणीसाठी म्हणे."

"काही बोलल्या?"

"अवाक्षर नाही. पण सकाळपासून बादल्या त्याच उचलतायत."

पुढे शेजारणीने विचारलंच, "सून अंगाने भरली हो?" तर सासूबाईंचं उत्तर तयार. "लॅबमधली उंदरीण गाभण आहे. तिचे लाडू ही खाते."

तीन महिने सुखरूप पार पडले, तेव्हा प्रयोगशाळेत पेढ्यांचा मोठा पुडा आला. सोबत सासूबाईंचा निरोप: "आधी मामींना द्या." त्यांना गोड चालत नाही. त्यांच्या वाटचे आम्ही खाल्ले.