कोपऱ्यातली अक्षरं

शेजारच्या सुनंदाकाकूंची एकसष्टी होती. औक्षण झालं आणि त्यांच्या लेकीनं, मुग्धानं, टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. पडद्यावर चक्क काका आले. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे फोटो आणि जुन्या बोलण्याचे तुकडे कॉम्प्युटरला देऊन तिनं ते घडवून घेतले होते.

"सुनंदा, तू होतीस म्हणून हे घर उभं राहिलं," काका म्हणाले. साऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, ‘कृत्रिम निर्मिती’. आता तसं लिहिणं कायद्यानं सक्तीचं आहे. पण भरल्या डोळ्यांना बारीक अक्षरं दिसतात कुठे?

काकूंचे डोळे मात्र कोरडे होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे काही आमचे हे नव्हेत गं. यांनी जन्मात कधी माझं नाव घेतलं नाही. ‘अगं’, नाहीतर ‘ऐकलंस का’."

कायदा हवाच. उद्या अशाच घडवलेल्या पुढाऱ्याच्या तोंडून कुणी गावात आग लावील, तेव्हा निदान ती अक्षरं खोट्याकडे बोट तरी दाखवतील. कारण खरं-खोटं असं चटकन ओळखायला त्या माणसाशी संसार केलेला असावा लागतो, आणि पडद्यावरच्या पुढाऱ्याशी आपण कुणीच संसार केलेला नसतो.

पाहुणे जेवायला उठले. काकू खुर्चीतून हलल्या नाहीत.

"मुग्धा, ते परत लाव गं," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं नाव घेतात ना, तेवढंच."